मळखाऊ

मराठीत रंगांच्या खानदानात एक बिचारा शब्द आहे, मळखाऊ. मळला तरी कळू न देणारा. दप्तर, सोफ्याचं कव्हर, परकर, एसटीच्या प्रवासाचा ड्रेस, अशा खरेदीला त्याची आठवण होते. राखाडी, मातकट, शेवाळी, आमसुली, विटकरी ही सगळी मंडळी त्याच्या कुळातली. लग्नाकार्याला त्यांना कुणी बोलावत नाही. आणि माझी पंचाईत अशी, की मला शोभतात ते नेमके हेच रंग.

हे कळायला चाळिशी उलटावी लागली.

माझा रंग गव्हाळ, तोही जरा जुन्या गव्हाचा. डोळे घारे म्हणावेत तर घारे नाहीत, काळे म्हणावेत तर काळे नाहीत. चहात दूध किंचित कमी पडलं की होतो तसा काहीतरी रंग. केस पिंगट. ते काळे व्हावेत म्हणून आजी दर रविवारी माक्याचं तेल थापायची. तेलाने केस तेलकट झाले, काळे काही झाले नाहीत. एकूण माझ्या चेहऱ्यावर कुणीच कुणापेक्षा आवाज चढवत नाही. असा चेहरा घेऊन लक्ष्मी रोडवरच्या दुकानात गादीसमोर बसलं की काय होतं, ते सांगते.

विक्रेता एकामागून एक घड्या उलगडत असतो. मी कोपऱ्यातल्या एका धुरकट जांभळीकडे बोट दाखवते. तो ती ऐकल्या न ऐकल्यासारखी बाजूला सारतो आणि राणी रंगाची साडी फटकन माझ्या खांद्यावर टाकतो. "ताई, आरशात बघा." बरोबर आलेली मावशी लगेच म्हणते, "घे गं, उठून दिसेल." आता उठून कोण दिसेल, साडी की मी, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. मी ती घ्यायचे. ऑफिसात नेसून गेले की दोन गोष्टी ऐकू यायच्या. एक, "साडी काय सुंदर आहे!" आणि जेवणाच्या सुट्टीत हळूच दुसरी, "बरं नाहीये का तुला?"

लग्नाच्या अल्बममध्येही तेच. अष्टपुत्री नेसलेला फोटो बघताना आधी पिवळा धमक रंग दिसतो, मग हिरवा चुडा, मग मुंडावळ्या, आणि मग, अरे हो, त्यात कुणीतरी आहे.

या दुखण्याचं निदान मला एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाकडे सापडलं. मिशेल-युजेन शेव्ह्रल त्याचं नाव. १८२४ साली तो पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणणारा हा सरकारी कारखाना. तिथे तक्रार होती की निळ्या-जांभळ्याच्या छटा दाखवायला जो काळा धागा वापरतात, त्याचा काळेपणा पुरेसा दाट वाटत नाही. शेव्ह्रलने धागे तपासले. रंगाईत काही खोट नव्हती. खोट शेजाऱ्यांत होती. डोळा प्रत्येक रंगाच्या शेजारी त्याचा विरुद्ध रंग थोडासा आपल्या पदरचा मिसळतो, हे त्याने दाखवलं आणि १८३९ साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. (गृहस्थ एकशे दोन वर्षं जगला. रंगांच्या नादी लागलेल्यांना आयुष्य असावं.) म्हणजे राणीच्या शेजारी माझे गाल हिरवट दिसणारच. भडक रंगांपुढे ठाम चेहरा टिकून राहतो, माझ्यासारखा मवाळ चेहरा शरण जातो. आजारी मी नव्हते, शेजार वाईट होता.

मात्र यावर उपाय म्हणून मी आधी फिक्या रंगांकडे वळले, ही दुसरी चूक. पिस्ता, बेबी पिंक, लिंबू. त्यात मी नुकतीच पावडर लावून पाळण्यात ठेवल्यासारखी दिसायला लागले. फिका रंग वेगळा आणि मळखाऊ वेगळा. फिक्यात पांढरा घातलेला असतो, मळखाऊत राख. चित्रकार लाल रंगाचा तोरा उतरवायला त्यात चिमूटभर हिरवा घालतात; लाल राहतो, पण ओरडणं थांबतं. विणकर हेच रंग न कालवता करतात. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या, आणि कापडाला धूपछाव येते. माझ्याकडे एक इरकल आहे, उभा धागा डाळिंबी आणि आडवा हिरवा. लांबून तिचा रंग कुणालाही सांगता येत नाही. भिंग लावलं तर दोन्ही धागे आपापल्या जागी कडक भडक. पदर हलला की कधी आमसूल, कधी ओली माती. तिच्यात मी मी दिसते.

लिपस्टिकचं प्रकरण थोडक्यात आटोपते. काउंटरवरच्या मुलीने हाताच्या मागच्या बाजूला नऊ रेघा ओढल्या, त्यातली लालबुंद तिला आवडली, मला विटेच्या चुऱ्यासारखी. ती म्हणाली, "मॅम, ही लावलेली कळणारच नाही." मी म्हटलं, दे. काजळही काळं सोडून तपकिरी घेतलं, आणि टिकली मरून. दागिन्यांत मोत्यांची कुडी. लखलखीत सोनं लॉकरमध्ये सुखी आहे, मीही.

या सगळ्या तपश्चर्येचं फळ मला वर्षातून एकदाच मिळतं. नवरात्रात. नऊ दिवसांचे नऊ रंग जाहीर होतात, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, आणि शनिवारी राखाडी. शनिवार जवळ आला की ऑफिसच्या ग्रुपवर हलकल्लोळ. "ग्रे साडी कुणाकडे असते का?" माझ्याकडे पाच आहेत. धुराची, कबुतराची, पाटा-वरवंट्याची, पावसाआधीच्या आभाळाची आणि एक जिला नाव सुचत नाही. गेल्या खेपेला त्यातल्या तीन शेजारच्या टेबलांवर उसन्या गेल्या होत्या.

एक कबुली राहिली. माझी सगळ्यात लाडकी साडी मी निवडलेलीच नाही. ती मूळची हळदीच्या पिवळ्या रंगाची सुती होती. मला मुळीच आवडायची नाही, म्हणून घरात वापरायला काढली. धुऊन धुऊन, गच्चीवरचं ऊन खाऊन ती विटत गेली आणि एका दिवाळीत, फराळाचं तळताना, नवरा दारात थांबून म्हणाला, "आज छान दिसतेयस." साडीबद्दल काही बोलला नाही.

मावशीला यातलं काहीच पटत नाही. परवा भाचीच्या केळवणाला मी ती इरकल नेसून गेले, तर तिने पदर दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवला. "नवी आहे?" मी हो म्हटलं. "मग अशी का दिसते?" निघताना तिने माझ्या हातात आहेराची सुती साडी ठेवली. पोपटी. तीही अशी, की पिशवीबाहेर उजेड पडावा. "उठून दिसेल तुला," म्हणाली.

घरी आल्या आल्या मी ती भिजत घातली. बादलीतलं पाणी हिरवंगार झालं. दोन धुण्यांत बराच रंग गेलाय. अजून सात-आठ धुणी, आणि एखादा कडक मे महिना.