तुम्ही विचारलंत म्हणून: सिंक्लेअर एवढी लाडकी का?

मंडळाच्या गणपतीत, बारशात, व्हॉट्सॲपवर, तोच प्रश्न. "ती क्रिस्टीन सिंक्लेअर, कॅनडाच्या महिला फुटबॉल टीमची माजी कॅप्टन, मुलाखतीत धड चार वाक्यं बोलत नाही, मग बरोबरच्या खेळाडू तिच्यावर एवढा जीव का टाकतात?" इथे कॅनडात, बर्नबीत राहून हे विचारता, आपल्याच गावची पोरगी आहे हो ती! 190 आंतरराष्ट्रीय गोलांचं पुन्हा सांगत बसत नाही. गोलांमुळे मान मिळतो. जीव टाकणं वेगळं.

मला विचाराल तर पॅरिस. 24 जून 2019, वर्ल्डकपची बाद फेरी, समोर स्वीडन, आपण एका गोलने मागे. इथे सोमवारची भर दुपार, मी ऑफिसात फोन मांडीवर ठेवून बघतोय. व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून, पेनल्टी दिली आणि मी हुश्श केलं, कारण कॅप्टनच मारणार ना! तिचे तेव्हा 182 गोल होते, अमेरिकेच्या ॲबी वॉम्बॅकचा विक्रम 184 चा, म्हणजे अगदी हाताशी आलेला. आणि ही बाई टीममधल्या जॅनीन बेकीला विचारते, तू मारतेस का? बेकी हो म्हणाली, किक तशी वाईट नव्हती, पण स्वीडनची गोलकीपर लिंडाल अशी काही झेपावली की संपलंच. 1-0, घरी परत. मी कोल्हापूरचा, पेठांच्या मॅचेस बघत वाढलोय, आमच्याकडे असं केलं असतं तर कॅप्टनला गल्लीत फिरू दिलं नसतं. त्या दिवशी मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही, आणि त्यातलं बरंचसं मी आजही बोलेन.

पण मग 2021, टोकियो ऑलिंपिक, सेमीफायनल, समोर अमेरिका. पेनल्टी मिळाली, हिने बॉल उचलला आणि 23 वर्षांच्या जेसी फ्लेमिंगला दिला. पॅरिसनंतर! गोल. फायनलमध्ये हिलाच पाडलं म्हणून पेनल्टी, मारली परत फ्लेमिंगनेच, शेवटी गोल्ड. चुकलात तरी पुढच्या वेळी बॉल कुणाला तरी मिळणारच, हे ज्या टीमला माहीत असतं ती टीम जीव नाही टाकणार तर काय करणार?

आणि बोलत नाही म्हणता, तर मार्च 2023 मध्ये फुटबॉल संघटनेशी चाललेल्या पैशांच्या भांडणात कॅनडाच्या संसदेच्या समितीपुढे टीममधली चौघं बसली होती, सिंक्लेअर, सोफी श्मिट, क्विन आणि हो, तीच बेकी. तिथे ती बोलली, नीट बोलली.

आता कुणीतरी म्हणणारच की त्याच वर्षी वर्ल्डकपमध्ये नायजेरियाविरुद्ध पेनल्टी तिने स्वतः मारली, त्यांची गोलकीपर नाडोझीने अडवली, मॅच 0-0. माहितीये. बायको म्हणते, बघ, तेव्हा पण द्यायला हवी होती कुणाला तरी. मी म्हणतो, पॅरिसला हिनेच मारायला हवी होती. जेवताना विषय निघाला की भाजी गार होते.