पाणी निवळल्यावर

भाऊबीज उरकली की आमच्या रत्नागिरीत दोन माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न थंडीचा असतो. "पडली काय हो तुमच्याकडे?" हापूसच्या कलमांना मोहर धरायचा तर थंडी हवी. ती लांबली की मोहर लांबतो, मोहर लांबला की आंबा लांबतो, आणि आंबा लांबला की मे महिन्यात उतरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून अख्खा जिल्हा थंडीकडे डोळे लावून बसलेला असतो. माझ्या मालकीचं एकही कलम नाही. आहेत त्या दोन काठ्या, एक रीळ आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरलेल्या, मासे धरायच्या गऱ्या. त्यामुळे पहाटे पंखा चारवरून दोनवर आला (रत्नागिरीतली थंडी मोजायचं हेच माप) की सगळ्यांना बरं वाटतं आणि मी उगाच खट्टू होतो.

गरवणं काही थंडीत बंद पडत नाही. खाडीत मासा बारा महिने असतो. पण आपला हात कधी चालतो, यावर ज्याचा-त्याचा हंगाम ठरतो. माझा हात तांबड्या पाण्यात चालतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात जायची बंदी असते. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या झाकून ठेवलेल्या असतात, बाजारात ताजा मासा दिसेनासा होतो. बंदी यंत्राला, गरीला नाही. त्या दिवसांत काजळी नदी वरून सगळी तांबडी माती घेऊन भाट्याच्या खाडीत उतरते. पाणी चहासारखं दिसतं, तेही दूध जास्त झालेल्या. त्यात हात बुडवला तर मनगट दिसत नाही. माशालाही दिसत नाही. मग तो नाकावर चालतो, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या त्या रेषेवर, जिला पाण्यातली बारीकशी थरथर कळते. जरा वास सुटलेली कोळंबी गरीला लावून सोडली की झालं. तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, ०.४० मिलिमीटरचा असो नाहीतर कपडे वाळत घालायची दोरी असो, त्याला फरक पडत नाही. तो काठावरचा मी बघत नाही, मी पाण्यातला तो बघत नाही. दोघांनी मिळून आंधळी कोशिंबीर खेळायची. यंदा भाद्रपदात मला दोन किलोंची तांबोशी मिळाली ती अशीच. मी छत्री सावरत होतो आणि काठी आपणहून वाकली. घरी येताना मात्र मी चार ठिकाणी थांबून, "ओढीचा अंदाज घेतला आणि बरोबर वेळेवर हिसका दिला," असं सांगितलं.

गढूळ पाण्यात प्रत्येक जण पट्टीचा गरवणारा असतो.

मग दसरा येतो. नदीचा जोर ओसरतो, भरतीबरोबर समुद्राचं खारं पाणी रोज थोडं आत सरकतं आणि गाळ खाली बसायला लागतो. कोजागिरीच्या सुमाराला पाण्यात उभं राहिलं की आधी गुडघे दिसतात, मग पोटऱ्या, आणि दिवाळीच्या आसपास एका सकाळी आपली बोटं दिसतात. त्यांच्याभोवती फिरणारी पिल्लं दिसतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, खाडीभर ओळीने सुरकुत्या पाडत जातो आणि काठावर सुरूच्या झाडांतून तो एक लांब सुस्कारा ऐकू येतो. सगळं फार देखणं असतं. फक्त मासा मिळत नाही.

पाणी निवळलं की आधी स्वतःचीच लाज निघते. श्रावणात पुलाच्या अलीकडच्या वळणावर एका माशाने माझा तंगूस तोडला होता. मी तो पाच किलोंचा सांगत असे. गणपतीत सहाचा झाला. कार्तिकात एका खोल ओहोटीला तिथे गेलो तर पाण्यात कालवांनी मढलेला एक खडक होता आणि त्याच्या कपारीत माझं शिसं, माझी गरी आणि वीतभर तंगूस व्यवस्थित लोंबत होतं. शेजारी आणखी तिघांची शिसं. म्हणजे तो मासा त्यांनाही लागला असणार. त्यांनी किती किलोंचा सांगितला, हे विचारायला हवं.

या दिवसांत खंड्याची मात्र चैन असते. पावसाळाभर बिचारा तारेवर फुगून बसलेला असतो, कारण त्याचं सगळं पोट नजरेवर. आता नितळ पाण्यात तो वरून बघतो, सूर मारतो, चोचीत चांदीचा तुकडा घेऊन वर येतो. त्याची आणि माझी हंगामाची अशी वाटणी झालेली आहे. जेवढं पाणी त्याला सोयीचं, तेवढं मला गैरसोयीचं. फरक एवढाच की पावसाळ्यात मी त्याला हसत नाही. थंडीत तो माझ्या काठीच्या टोकावर येऊन बसतो.

नितळ पाण्यात आपल्याला मासा दिसतो, याचा दुसरा अर्थ त्यालाही आपण दिसतो, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला डोक्यावर एक गोल खिडकी असते. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे बाहेरचं सगळं जग, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, साधारण ९७ अंशांच्या शंकूत चेपून त्याला दिसतं. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा आणि त्यात तळाचंच प्रतिबिंब. म्हणजे काठावर ताठ उभा राहिलेला, पिवळा शर्ट घातलेला, काठी हलवणारा मी त्याच्या खिडकीत चांगला ठळक येणार. जितकं खाली बसावं, तितकं आपण त्या खिडकीच्या कडेला सरकतो आणि पुसट होतो. हे कळल्यापासून मी थंडीत उकिडवा बसून गरवतो. भौतिकशास्त्र बरोबर आहे. गुडघ्यांचं मत वेगळं आहे.

तंगूस बारीक करावा लागतो, ०.२५ चा. शिसं मुगाएवढं. कोळंबी ताजी आणि जिवंत असली तर उत्तम, आणि ताज्या कोळंबीचा भाव बघता हा व्यवहार घरात पटवून देणं कठीण जातं. बायकोचं म्हणणं, "खाडीत टाकण्यापेक्षा सरळ कालवणात टाका, तेवढीच शाश्वती." यावर माझ्याकडे आजवर उत्तर सापडलेलं नाही.

त्यातून कॅलेंडर. आमच्या स्वयंपाकघरात एकच कॅलेंडर आहे आणि ते आम्ही दोघं वेगवेगळं वाचतो. मी तिथी बघतो भरतीसाठी. जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा, सकाळी आणि रात्रीही. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हे जमतं. हा हिशोब मुंबईच्या बाजूला जास्त लागू पडतो. आमच्याकडे भरती थोडी आधी येते, तेवढं वजा करायचं. आता गंमत बघा. उजाडताना चढतं पाणी आणि आठच्या सुमाराला भरती पूर्ण, म्हणजे गरवायला सोन्यासारखी वेळ, ती नेमकी एकादशीला. आणि कॅलेंडरच्या त्याच चौकोनात बायकोला दिसतो उपास. चतुर्थी तिची, सोमवार तिचा, गुरुवार तिचा. कार्तिक संपून मार्गशीर्ष लागला की गुरुवारी घट मांडला जातो. तिच्या माहेरी तर अख्खा महिना मासळी वर्ज्य. उरलेले वार आणि उरलेल्या तिथ्या यांची बेरीज करून मला महिन्यात चार-पाच सकाळी मिळतात. त्यात थंडीच्या दिवसांत मोठं उधाण रात्रीचं असतं. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी, हिवाळ्यात रात्रीची. रात्री अकरा वाजता कानटोपी घालून काठी घेऊन बाहेर पडणाऱ्या पन्नाशीच्या माणसाकडे शेजारी कसे बघतात, ते सांगण्यात अर्थ नाही.

यंदा कार्तिक वद्य अष्टमीची गोष्ट. अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस. पाण्याला ओढ कमी, त्यामुळे गाळ हलत नाही आणि खाडी वर्षातली सगळ्यात नितळ असते. भाट्याच्या पुलाजवळ सावलीतल्या एका खांबापाशी मला तो दिसला. जिताडा. आधी वाटलं ओंडका आहे. मग ओंडक्याने शेपूट हलवलं. चांगला दोन-अडीच हात लांब, पाठ हिरवट काळी, आणि डोळ्यात ती लालसर चकाकी. पेण-अलिबागकडे या माशाचा मान जावयाएवढा, गोव्यात त्याला चोणक म्हणतात. तो काहीही करत नव्हता. पाण्याच्या मंद ओढीत तोंड करून नुसता उभा होता, आणि समोरून बोटभर बोय माशांचा थवा गेला तरी ढिम्म.

त्या सकाळी मी डब्यातलं सगळं त्याच्यापुढून फिरवलं. कोळंबी त्याच्या नाकासमोर पडली, तो वीतभर मागे सरकला. एखाद्याने चहा नको म्हणताना कप सरकवावा तसा. पावसाळ्यात नकार दिसत नाही, नुसती वाट बघणं असतं, आणि त्यात बरंच काही कल्पना करता येतं. इथे डोळ्यांदेखत नकार. दुसऱ्या दिवशी गेलो, तेच. मधे उधाण आलं, पाणी ढवळलं, तो दिसेना. पण तिथेच असणार, अशी माझी खात्री.

राजिवड्याचे एक चाचा रोज त्या बाजूला पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकतात. माझे गुडघे आणि माझी दशा बघून ते म्हणाले, "त्याला मेलेला नको. जित्ता दे." आणि पागात आलेल्या दोन बोया माझ्या बादलीत टाकून निघून गेले. जिताड्याविषयी मला त्यांच्याकडूनच एक गोष्ट कळली होती आणि नंतर पुस्तकातही ती खरी निघाली: हा मासा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, मोठा झाला की, मादी होतो. बारीक बहुतेक नर, थोर बहुतेक माद्या. म्हणजे खांबाखालचा दोन-अडीच हात लांबीचा तो बहुतेक ती असणार. दोन आठवडे मी उगाच त्याला 'लेका' म्हणत होतो.

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, पुन्हा भांग, आणि वार गुरुवार. घरात करार झाला: जायचं तर जा, पण मिळाला तर सोडून द्यायचा. मी सहालाच जाऊन बसलो. सूर्य वर येईतो काही दिसत नव्हतं. नुसता मतलईने तंगूसला पडलेला बाक आणि लांब मंदिराची घंटा. मग उजेड पाण्यात तिरका शिरला आणि ती दिसली, त्याच खांबापाशी, त्याच तोऱ्यात. जाड तंगूस तिला चालणार नव्हता, म्हणून ०.२५ चाच ठेवला. जिताड्याच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

बोय तिच्यापासून तीनेक हातांवर पडली. घाबरून गोल फिरली. ती वळली. घाईने नाही, आधी डोळा, मग डोकं, मग सगळं अंग. खालून वर आली, तोंड उघडलं आणि बोय नव्हतीच. मी हे सगळं बघितलं. आजवर जितके मासे मिळाले त्यातल्या एकाचंही आमिष घेताना मी बघितलं नव्हतं. काठी वाकायची, एवढंच. इथे मी बघतच राहिलो आणि हिसका द्यायचा राहून गेला. तिनेच दिला. रीळ एकदा किंचाळलं, पाण्याबाहेर चांदीचं मोठं ताट उभं राहिलं, डोकं झाडलं, आणि तंगूस हलका झाला. गुंडाळून टोक बघितलं. सुरीने कापावा तसा स्वच्छ तुकडा.

घरी आलो तेव्हा बायको घटापुढे बसून आंब्याचा टाळा नीट करत होती. मान न वळवता विचारलं,

"मिळाला?"

"नाही. पण दिसली."

टाळ्यावरचा हात थांबला.

"कोण?"