२८० घोड्यांची सुबारू, ९८ चं पेट्रोल आणि बाबांचा स्क्रूड्रायव्हर

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा मेसेज आला, "मामा, गाडी रीमॅप करून घेतोय, स्टेज वन, एका दिवसात देतो म्हणतोय, करू का?" रीमॅप म्हणजे इसीयूत, इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, पेट्रोलचे आणि ठिणगीचे आकडे बदलून ताकद वाढवणं, आणि स्टेज वन म्हणजे मोठे पार्ट न बदलता नुसतं तेवढंच. मी त्याला लागोपाठ तीन व्हॉइस नोट पाठवल्या, तरी सांगायचं संपेना, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. त्याची गाडी साधी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), माझी २००४ ची सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय, पण दोन्हीकडं चूक एकच होते. लोक ताकद विकत घ्यायला निघतात आणि इंजिनची तब्येत कुणी विचारत नाही.

मी ऑकलंडला असतो. न्यूझीलंडमध्ये स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडं, त्यामुळं जपानमध्ये वापरलेल्या गाड्या इथं जहाजं भरभरून येतात आणि आपल्याकडं पोस्टरवर बघितलेली गाडी इथं शेजारच्या घरासमोर उभी असते. माझी पण तशीच आली. सनशेडवरचं स्टिकर जपानी, रेडिओ जपानच्या ७६ ते ९० मेगाहर्ट्झच्या बँडचा, म्हणजे इथली बहुतेक स्टेशनं लागतच नाहीत. आत ईजे२०७ इंजिन, दोन लिटर, चार सिलिंडर आडवे झोपलेले, आणि कागदावर २८० पीएस, म्हणजे घोड्यांचंच जपानी कागदावरचं माप. त्या काळात जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं की कागदावर २८० च्या वर जायचं नाही, म्हणून निसानची स्कायलाइन जीटी-आर घ्या, मित्सुबिशीची इव्हो घ्या की एसटीआय घ्या, सगळ्यांच्या ब्रोशरमध्ये तोच आकडा.

या ईजे२० घराण्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९८९ मध्ये याच घराण्याचं इंजिन असलेली लेगसी बाजारात आणताना सुबारूनं ती ॲरिझोनाच्या टेस्ट ट्रॅकवर १ लाख किलोमीटर सलग पळवली, सरासरी वेग ताशी २२३ किलोमीटरच्या वर, त्यात पेट्रोल भरायला थांबणं, ड्रायव्हर बदलणं सगळं धरून. मग १९९५ ला कॉलिन मॅक्रे इम्प्रेझा घेऊन जागतिक रॅली चॅम्पियन झाला, ९५-९६-९७ अशी तीन वर्षं कंपन्यांची चॅम्पियनशिप पण सुबारूकडं. आणि इथं ऑकलंडच्या खाली पुकेकोहे गावचा पोसम बॉर्न, त्यानं एशिया-पॅसिफिक रॅली तीनदा जिंकली, २००३ मध्ये अपघातात गेला, पण इथल्या वर्कशॉपमधली म्हातारी माणसं अजून त्याचं नाव काढलं की हातातला पाना खाली ठेवून बोलतात.

तर माझी गाडी. १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली, आधीच्या मालकानं तिला मोठा एक्झॉस्ट, उघडा गोल एअर फिल्टर आणि गिअर बदलताना 'प्शश' करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व बसवला होता. इसीयूला मात्र हात लावलेला नव्हता. मला तेव्हा हे सगळं बोनससारखं वाटलं, एवढे पार्ट फुकट मिळाले म्हणून. आता त्याच्याकडं बघून पोटात गोळा येतो.

का ते सांगतो. या गाडीत इंजिनमध्ये किती हवा शिरते ते फिल्टरच्या मागच्या नळीतला एक सेन्सर मोजतो, मॅफ म्हणतात त्याला. तो मोजतो ते सेन्सरपाशी हवा किती वेगानं जाते ते, आणि इसीयूमध्ये एक कोष्टक असतं की अमुक व्होल्ट म्हणजे अमुक ग्रॅम हवा. ते कोष्टक कंपनीच्या नळीच्या मापाचं. तुम्ही नळी मोठी केलीत की तेवढीच हवा हळू जाते, सेन्सर कमी दाखवतो, इसीयू पेट्रोल कमी सोडतो, आणि बूस्टवर, म्हणजे टर्बो दाब देत असताना, मिश्रण लीन होतं, पेट्रोल कमी पडतं. वर तो ब्लो-ऑफ व्हॉल्व. कंपनीचा व्हॉल्व जास्तीची हवा परत नळीत सोडतो, हा बाहेर सोडतो. पण ती हवा आधीच मोजून झालेली असते ना! म्हणजे इसीयूनं त्या हवेचं पेट्रोल सोडलं आणि हवा गेली बाहेर, म्हणून प्रत्येक गिअरला क्षणभर गाडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, काळा धूर, पॉपिंग. लोकांना तो आवाज आवडतो, मला पण आवडायचा, पण त्यातून एक घोडा वाढत नाही.

तिसरी गोष्ट पेट्रोलची, आणि ही जपानी इम्पोर्ट घेणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी. जपानमध्ये पंपावर 'हायओक' मिळतं, साधारण १०० ऑक्टेनचं (ऑक्टेन जेवढं जास्त तेवढं पेट्रोल दाबाखाली आपलं आपण पेटत नाही), आणि कंपनीनं या गाडीचं इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते, त्या हिशोबानं लावलंय. इथं पंपावर ९१, ९५ आणि काही ठिकाणी ९८. आधीचा मालक ९५ भरायचा, बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नसेल.

आता नॉकिंग म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण टर्बो गाडीचं सगळं ट्यूनिंग याच एका गोष्टीभोवती फिरतं. पिस्टन वर येत असताना ठिणगी पडते, जाळ एका बाजूनं पसरत जातो आणि पिस्टनला खाली ढकलतो. पण टर्बोनं हवा दाबून भरली की दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात, आणि कधीकधी जाळ पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपण पेटतं. तो धक्का म्हणजे नॉक. बाहेर कधी तव्यावर फुटाणे उडाल्यासारखा आवाज येतो, आणि बऱ्याचदा एक्झॉस्टच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. आत पिस्टनच्या रिंगा ज्या खाचांमध्ये बसतात त्या खाचांमधली भिंत, रिंगलँड, तुटते. अडीच लिटरच्या ईजे२५७ मध्ये हे इतकं होतं की सुबारूवाले तो शब्द उच्चारताना आवाज खाली घेतात, आणि बऱ्याचदा चौथ्या सिलिंडरचंच.

मी डायनोवाल्याकडं अपॉइंटमेंट घेतली. डायनो म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायचं यंत्र, त्यावरच ट्यून करतात. म्हटलं एक दिवस सुट्टी टाकतो, ट्यून करून घेतो. फोनवरच त्यानं विचारलं, कॉम्प्रेशन टेस्ट केलीय का? नाही म्हटल्यावर म्हणाला, आधी ती कर, आकडे पाठव, मग तारीख देतो. मला तेव्हा राग आला होता, पण त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या गॅरेजला नेऊन टेस्ट केली, त्यात प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते पीएसआयमध्ये, म्हणजे दाबाच्या मापात, मोजतात. १४२, १४०, १४१ आणि चौथ्याला १३१ पीएसआय. चारही एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे पास, पण काठावर. मग लीकडाउन केली, म्हणजे सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरनं हवा भरून किती गळते आणि कुठून गळते ते बघायचं. थोडी रिंगांवाटे जात होती, व्हॉल्व चांगले होते. मेकॅनिक म्हणाला इंजिन खोलायची गरज नाही, पण हाव करू नकोस.

त्यानंतर तीन महिने मी एक पण 'परफॉर्मन्स' पार्ट घेतला नाही. कंपनीचा एअरबॉक्स भंगारवाल्याकडून आणून बसवला, ब्लो-ऑफ व्हॉल्व काढून कंपनीचा लावला. टर्बोला ऑइल नेणाऱ्या पाइपच्या बॅन्जो बोल्टमध्ये एक बारीक जाळी असते, ती काजळीनं तुंबली की टर्बो कोरडा फिरतो, आणि टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो, कोरडा फिरला तर जायला किती वेळ लागणार. ती साफ केली. ऑइल सम्पमधला पिकअप पाइप बदलला, कारण कंपनीचा जोडावर चिरतो, हवा ओढायला लागतो आणि बेअरिंग जातात. टायमिंग बेल्ट, प्लग, फ्युएल फिल्टर. यातल्या एकाही कामानं गाडी इंचभर सुद्धा जोरात पळाली नाही आणि बँकेतले पैसे मात्र सगळ्यात जास्त इथंच गेले.

याच काळात बाबा आले. बाबांचं कोल्हापुरात उद्यमनगरात पंप-नोझलचं दुकान होतं, चाळीस वर्षं डिझेल पंप खोलले त्यांनी. सकाळी मी गाडी चालू केली तर हे लुंगीवर बाहेर आले, म्हणाले, "टिक टिक कसली करालीय रं ही?" मी म्हटलं बाबा, सुबारू थंडीत असाच आवाज करते, पिस्टनचा असतो, सगळ्यांच्या करतात. म्हणाले, "आदी ऐक तरी, मग सांग." लांब स्क्रूड्रायव्हर मागितला, टोक हेडवर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. या बाजूला, त्या बाजूला, इंजेक्टरपाशी. मग म्हणाले, "इंजान चांगलं हाय. हवा निसटालीय कुटंतरी." बागेला पाणी घालायच्या पाइपचा हातभर तुकडा कापला, एक टोक कानात, दुसरं टोक एक्झॉस्टच्या जोडांवरून फिरवत फिरवत टर्बोच्या खाली नेलं आणि तिथं थांबले. इंजिनातला गॅस टर्बोकडं नेणारा अप-पाइप जिथं टर्बोला मिळतो तिथलं गॅसकेट फुटलं होतं. थंड असताना फट, गरम झाल्यावर लोखंड फुगून फट बंद, म्हणून पाच मिनिटांत आवाज जायचा आणि मी निवांत होतो. टर्बो फिरवायला जाणारा गॅसच तिथून बाहेर निसटत होता. गॅसकेट बदललं आणि बूस्ट साधारण तीनशे आरपीएम आधी यायला लागला, ट्यून न करता. त्यांनी आयुष्यात सुबारूचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं होतं.

मग डायनो. इथं बऱ्याच ठिकाणी डायनापॅक वापरतात, तो न्यूझीलंडमध्येच बनतो, चाकं काढून थेट हबला जोडतात त्यामुळं टायर घसरायचा प्रश्न नाही. ट्यूनरनं नॉक ऐकायला हेडफोन लावले, इंजिन ब्लॉकला बोल्टनं बसवलेला सेन्सर आणि त्याचा आवाज थेट कानात. मला बाबांचा स्क्रूड्रायव्हरच आठवला, दुसरं काही नाही. तो एका हातानं लॅपटॉपवर टायमिंग अर्धा-अर्धा डिग्री पुढं नेत होता आणि मधेच मान हलवून परत मागं घेत होता. स्क्रीनवर मिश्रण बूस्टवर ११ ला १ च्या आसपास, पेट्रोल थोडं जास्तच, कारण ते आतून गारवा देतं. बूस्ट शिखराला १९ पीएसआय, मग वर जाता जाता मुद्दाम १६ पर्यंत उतरवला, कारण छोटा टर्बो वरच्या आरपीएमला नुसती गरम हवा ढकलतो. सुरुवातीला चाकांवर १५१ किलोवॅट, शेवटी १८४. अजून दहा मिळाले असते, तो म्हणाला, पण चौथ्या सिलिंडरचा आकडा माझ्या डोक्यात आहे. मी म्हटलं, नको, बास.

आणि खरं सांगतो, १८४ चं मला एवढं काही नाही. साडेतीन हजारापासून ती जी सलग, अंगावर न येता ओढत जाते, हॅम्प्टन डाउन्सच्या ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना पाय जेवढा दाबाल तेवढंच देते, ते सुख वेगळं. या जपानी मॉडेलला ट्विन-स्क्रोल टर्बो (गॅसला आत यायला दोन वेगळ्या वाटा असलेला) आणि समान लांबीचे हेडर, म्हणजे सिलिंडरमधून गॅस बाहेर नेणाऱ्या नळ्या, असतात, म्हणून तो प्रसिद्ध सुबारूचा गडगडाट येत नाही. लोक मुद्दाम असमान हेडर लावून तो आवाज आणतात आणि चांगला लवकर येणारा बूस्ट घालवतात. माझ्या मते हे अगदी चूक आहे, करू नका.

ट्यूननंतर पण मी दर महिन्याला केबल लावून रोमरेडर नावाच्या सॉफ्टवेअरवर लॉग, म्हणजे इसीयूच्या आकड्यांची नोंद, घेतो. त्यात आयएएम नावाचा एक आकडा असतो, जुन्या इसीयूत १६ पर्यंत, नव्यात १ पर्यंत. इसीयूला पेट्रोलवर जेवढा विश्वास तेवढा तो वर. एकदा दक्षिणेला फिरायला गेलो, छोट्या गावात ९८ नव्हतं, नाइलाजानं ९५ भरलं, आणि संध्याकाळी बघतो तर आकडा खाली आलेला. टाकी संपेपर्यंत अडीच हजार आरपीएमच्या वर नेली नाही, बायको म्हणाली आज गाडी फार शहाण्यासारखी चालवतोयस. चावी काढल्यावर पण टर्बो गार व्हायला इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा टर्बो टायमर मात्र मी काढून टाकला. हा टर्बो पाण्यानं पण गार होतो, शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवलं की पुरतं.

भाच्याला अजून एक सांगितलं. इथं उंची बदलता येणारं सस्पेन्शन वगैरे लावलं की तपासणी करून सर्टिफिकेशनची पत्र्याची प्लेट गाडीवर लावून मिळते, तो रस्ता कायद्यात आहे. आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये तेच सांगितलं. ते वाच, इन्शुरन्सवाल्याला विचार, आणि मगच ठरव. आणि रीमॅपवाला कुठल्या पेट्रोलवर मॅप करणार आहे ते विचार. पुण्यात १०० ऑक्टेनचं मिळतं, पण तू रोज ते भरणार आहेस का? नसशील तर रोज भरतोस त्याच पेट्रोलवर करायला सांग. आणि 'लॉग दाखवा' म्हटल्यावर जो चिडतो त्याच्याकडं करू नकोस.

काल रात्री त्याचा फोटो आला, कॉम्प्रेशन टेस्टचा कागद, गॅरेजच्या काउंटरवर ठेवून काढलेला. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली आहे. गेज बदलून परत एकदा करायला सांगितलंय, आणि शनिवारी इंजिन चालू करून व्हिडिओ कॉल लाव म्हटलंय, बाबांना पण कोल्हापूरहून जोडून घेतो.