मस्टरवरची फौज

इराकमधलं बंड 'आता संपत आलंय' ही बातमी २००३ पासून दर दोन-तीन वर्षांनी येते. १ मे २००३ ला अमेरिकी विमानवाहू जहाजावर 'मोहीम फत्ते'चा फलक झळकला. मे २००५ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनींनी बंडखोर शेवटचे आचके देत असल्याचं सांगून टाकलं. ९ डिसेंबर २०१७ ला इराकी पंतप्रधानांनी इस्लामिक स्टेटवर विजय जाहीर केला, आणि त्यानंतरही हमरीनच्या डोंगरात, दियाला-किरकूककडच्या गावांत रात्री-बेरात्री चौक्यांवर हल्ले होतच राहिले. अशी बातमी वाचताना किती मारले हा आकडा बघून काही कळत नाही. पगार कोणाचा चालू आहे, कोणाचा थांबलाय, ते बघावं.

आधी माणसांचा हिशोब करू. बंड आटोक्यात ठेवायला हजार रहिवाशांमागे २० शिपाई लागतात, असा लष्करी लोकांचा एक ठोकताळा आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची वस्ती ३१ लाखांच्या आसपास होती. म्हणजे एकट्या पुण्याला ६२ हजार शिपाई, पिंपरी-चिंचवड सोडून. २००३ चं इराक सुमारे अडीच कोटींचं, म्हणजे ५ लाख. अमेरिकी फौज सगळ्यात जास्त होती ती २००७ मध्ये, तेव्हाही १ लाख ७० हजारांच्या आसपास. त्यातले चालक, स्वयंपाकी, मेकॅनिक, भांडारवाले वजा केले की गल्लीत गस्त घालायला किती उरतात ते ज्याचं त्यानं बघावं. 'काही लाख सैनिक लागतील' असं अमेरिकेचे लष्करप्रमुख एरिक शिन्सेकींनी युद्धाआधी, फेब्रुवारी २००३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितलं होतं. संरक्षण खात्याच्या वरिष्ठांनी ते उडवून लावलं.

तरीही गणित जुळलं असतं, कारण या २० मध्ये स्थानिक शिपाई आणि पोलीसही धरतात आणि इराककडे सुमारे ४ लाखांची फौज होती. ती इराकमधल्या अमेरिकी प्रशासनाच्या २३ मे २००३ च्या दुसऱ्या क्रमांकाच्या हुकुमानं एका फटक्यात बरखास्त झाली. आठवडाभर आधी, १६ मेच्या पहिल्या हुकुमानं सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढलं होतं. त्यात छळछावण्या चालवणारे होते, तसे बढतीसाठी पक्षाचं कार्ड घेतलेले शिक्षक आणि इंजिनियरही होते. बरखास्त शिपाई बगदादच्या रस्त्यावर उतरले, तेव्हा महिन्याभरात भत्ता जाहीर करावा लागला. वरच्या हुद्द्यांवरचे बाथवाले अधिकारी मात्र वगळले. म्हणजे ज्यांना नकाशा वाचता येतो, पलटण उभी करता येते, कोठारं कुठे आहेत हे पाठ आहे, नेमके तेच उपाशी ठेवले. पुढे इस्लामिक स्टेटची यंत्रणा बांधणारा हाजी बक्र हा याच फौजेतला कर्नल.

कोठारांची कथा त्याहून वाईट. दारूगोळ्याच्या साठ्यावर दिवसरात्र पहारा ठेवायचा तर पाळ्या लागतात, पाळ्यांना माणसं लागतात, आणि माणसं तर आधीच कमी. बगदादच्या दक्षिणेकडच्या अल-काका कोठारातून ३४० टनांहून जास्त तीव्र स्फोटकं गायब झाल्याचं ऑक्टोबर २००४ मध्ये उघड झालं. रस्त्याकडेला सुरुंग फुटले की 'शेजारी देशांतून माल येतो' असं सांगितलं जायचं. थोडा येतही होता. पण घरातलंच गोदाम उघडं टाकलं होतं, त्याचं काय?

२००७ मध्ये हिंसा घटली ती वाढवलेल्या ३० हजार सैनिकांमुळे, असं अजून सांगतात. ते अर्धंच खरं. त्याच सुमारास सुन्नी टोळ्यांमधले सुमारे १ लाख लोक, त्यांतले कित्येक कालचे बंडखोर, अमेरिकेनं महिना साधारण ३०० डॉलरवर नाक्यानाक्यावर उभे केले होते. खर्च महिन्याला ३ कोटी डॉलर. युद्धाचा एकूण खर्च तेव्हा महिन्याला १००० कोटी डॉलरच्या घरात! या लोकांचा पगार ऑक्टोबर २००८ पासून इराकी सरकारकडे सोपवायला सुरुवात झाली. पाचातल्या एकाला पोलिसात किंवा फौजेत घेऊ, बाकीच्यांना दुसरं काम देऊ, असं ठरलं होतं. पगार रखडले, नोकऱ्या मिळाल्या नाहीत, काहींना अटक झाली. ज्यांना पुण्यातून सिंहगड दिसतो, त्यांना हे नवं वाटू नये. औरंगजेबानं तो १७०३ मध्ये घेतला, 'बक्षिंदाबक्ष' असं भारदस्त नाव दिलं, आणि बादशाही लष्कर पुढे सरकल्यावर दोनेक वर्षांत तो परत मराठ्यांकडे आला. गड हातात, मुलूख नाही.

आता मस्टर. इराकी फौजेत एक पद्धत पडली होती: शिपायानं पगाराचा वाटा अधिकाऱ्याला द्यायचा आणि घरी बसायचं, किंवा दुसरीकडे टॅक्सी चालवायची. मेलेल्या, पळालेल्या माणसाचंही नाव कापायचं नाही, कारण नाव कापलं की पगार आणि शिधा दोन्ही बंद. वरच्याला हे कळतं, पण त्याचाही हिस्सा असतो. कागदावर पलटण भरलेली, नाक्यावर निम्मी. १० जून २०१४ ला मोसुल पडलं तेव्हा समोर इस्लामिक स्टेटचे हजार-दीड हजार हल्लेखोर होते आणि शहराच्या बचावाला कागदोपत्री हजारोंची फौज. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर पंतप्रधान अबादींनी संसदेत कबूल केलं की ५० हजार शिपाई नुसतेच कागदावर आहेत. तेही पहिल्याच तपासणीत सापडलेले.

पुण्याचं नाव या मुलुखाशी आधीच जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांची सहावी पूना डिव्हिजन इराकमधल्या कूत इथे १४७ दिवस तुर्कांच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. रसद यायची ती एकाच नदीनं, आणि बोटी अपुऱ्या. शेवटी २७० टन धान्य-सामान घेऊन निघालेली 'जुलनार' ही बोटही शत्रूच्या हाती लागली. पुढल्या वर्षी बगदाद घेतल्यावर ब्रिटिश जनरल मॉडनं 'आम्ही जेते म्हणून नाही, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत' असा जाहीरनामा काढला. १९२० मध्ये ब्रिटिशांविरुद्ध इराक पेटलं आणि ते विझवायला कुमक गेली ती पुन्हा हिंदुस्थानातून.

२००३ मध्ये अमेरिकेनं भारताकडे एक डिव्हिजन मागितली होती. चर्चेतला आकडा १७ हजार जवानांचा होता, नेमणूक इराकच्या उत्तरेत. हजारामागे २० धरले तर ती साडेआठ लाख लोकांना पुरते, आणि उत्तरेतलं एकटं मोसुल त्याहून कितीतरी मोठं. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही असं कारण देऊन वाजपेयी सरकारनं १४ जुलैला नाही म्हणून कळवलं.