राग होताच

कोपरखैरण्याच्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकात संध्याकाळी सहानंतर बेड रिकामा मिळत नाही. त्या दिवशी पुलीवर घणसोलीच्या माथाडी वसाहतीतले एक लष्करातले निवृत्त हवालदार होते. मूळचे साताऱ्याकडचे, खांदा धरलेला. शेजारी गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटचं ऑपरेशन झालेला कबड्डीपटू पोरगा गुडघ्याखालची टॉवेलची गुंडाळी दाबत होता. टीव्हीवर नेहमीची युद्धचर्चा. पोरगा म्हणाला, "सगळे एकदाचे उडवून टाकायला पाहिजेत. कैदीबिदी कशाला पोसायचे?"

काकांनी दोरी ओढणं थांबवलं नाही. "कारगिलला आम्ही त्यांची प्रेतं पुरली," म्हणाले.

मग तुटक तुटक सांगत गेले. १९९९ चा जुलै, द्रासच्या वरची पोस्ट. पाकिस्तानचं म्हणणं, लढतायत ते मुजाहिदीन, आमचं सैन्य नव्हेच. त्यामुळे बरीच प्रेतं न्यायला कोणी आलंच नाही. सोळा हजार फुटांवर दहा पावलं टाकली तरी धाप लागते. माती कुठली, नुसता खडक. कुदळ मारली की कोपरापर्यंत झिणझिण्या. तरी खड्डे खणले, एका मुसलमान जवानाने जनाज्याची नमाज पढली, वर दगड रचले.

"दया आली असेल ना?" मी विचारलं.

"दया कसली मॅडम! जूनमध्ये कॅप्टन कालियासाहेब आणि त्यांच्या पाच जवानांचे हाल हाल केलेले देह परत आले होते. राग होताच. रागातच खणलं. साहेबांचा हुकूम होता."

मला हे फार खरं वाटलं. युद्धातली माणुसकी आपल्याकडे अश्रू ढाळत सांगायची पद्धत आहे. इथे मन निवळायची वाट बघितली असती तर एक खड्डा झाला नसता. रात्री घरी शोधलं, तर १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात, १७ व्या कलमात हेच आहे: शत्रूच्या मृतांना सन्मानाने, शक्यतो त्यांच्या धर्माच्या रीतीने पुरावं. काकांच्या तोंडी कलम नव्हतं, हुकूम होता.

"त्यांचा कॅप्टन शेरखान काय लढला!" काका पुढे म्हणाले. "आमच्या ब्रिगेडियर बाजवासाहेबांनी त्याच्या खिशात चिठ्ठी घातली, हा शूर होता म्हणून. मग तिकडे त्याला निशान-ए-हैदर मिळालं, त्यांचा सर्वोच्च लष्करी सन्मान."

पोराला काही पटलं नाही. "मेलेल्याचं ठीक आहे, काका. जिवंत सापडला असता तर?"

काका उत्तर द्यायला वळले आणि खांद्यातून अशी कळ आली की मला पुली सोडवावी लागली. पुढच्या वेळी दोघांना मुद्दाम एकाच वेळेला बोलावलंय.