वहीत वाढलेले तीन रकाने

मंडळी, खाण्यापिण्याच्या नोंदींची माझी तिसरी वही संपत आली. पहिल्या दोन वह्यांत जागेचं नाव, पदार्थ आणि दहापैकी गुण एवढंच लिहीत होते. या जानेवारीपासून त्यात तीन रकाने वाढवले: तारीख, वेळ आणि ताटात किंवा ग्लासात आलं तेव्हाचं तापमान. सहा महिने झाले. आपल्यातले बरेच जण विचारत होते की एवढं लिहून हाती काय लागलं, म्हणून आज सविस्तर सांगते.

सुरुवात झाली गेल्या वर्षी, अंजिरावरून. जानेवारीत दिवे घाटाच्या वर गाडी थांबवून अंजिराची पाटी घेतली आणि वहीत लिहिलं, "पुरंदर अंजीर, पाणचट, चार गुण." मार्चच्या शेवटी आमच्या गटातला बँकवाला मित्र त्याच रस्त्यानं गेला आणि त्यानं नऊ गुण दिले. पुढच्या बैठकीत अर्धा तास वाद. दोघंही आपापल्या जिभेची शपथ घ्यायला तयार. शेवटी कृषी महाविद्यालयात शिकलेल्या मैत्रिणीनं सोडवलं. अंजिराचे दोन बहार धरतात. हिवाळ्यात येतो तो खट्टा बहार, उन्हाळ्याच्या तोंडावर येतो तो मीठा. मी खट्टा खाल्ला होता, त्यानं मीठा. शिवार एकच, रस्ता एकच, दोघांचंही मत खरं, आणि दोघांच्याही नोंदी वाचणाऱ्याच्या काही कामाच्या नाहीत, कारण तारीखच नाही. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून माझ्यासकट पुष्कळांचा समज झालाय की पाटीवर पुरंदर लिहिलं म्हणजे काम झालं. कोणत्या बहाराचं फळ आहे ते आपणच विचारायचं असतं.

यंदा पुण्याच्या मंडईतल्या मावशींकडे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. त्यांनी एक अंजीर उचलून देठ मोडला. देठातून पांढरा चीक टपकला. म्हणाल्या, "ताई, आज नका नेऊ. घाईनं तोडलाय. परवा सकाळी या, लवकर या." अंजीर तोडल्यावर आंब्यासारखा अढीत पिकत नाही, झाडावर झाला तेवढाच झाला. परवा साडेसातला पोचले. टोपली तीच, पण फळ नव्या तोड्याचं: मऊ, मान किंचित लवलेली, साल बारीक तडकलेली आणि बुडाच्या डोळ्यावर पाकाचा थेंब. घरी आणून धुतलंसुद्धा नाही, ओल्या फडक्यानं पुसून खाल्लं. साडेनऊ गुण. ही अष्टकोनी मंडई १८८६ ची, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. मी तिथे पंचवीस वर्षं जातेय आणि देठ मोडून बघायचं हे मला यंदा कळलं.

आता वाइनकडे येते, कारण नव्या रकान्यांचा सगळ्यात मोठा फायदा तिथे झाला.

एप्रिलमध्ये शहरातल्या एका दुकानातून शिराझची, म्हणजे लाल वाइनची, बाटली आणली. नाशिककडची, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला आठ गुण दिले होते. उघडताना बघितलं तर बूच दोऱ्याएवढं वर आलेलं आणि मानेवर चिकट ओघळ वाळलेला. ग्लासात फळाचा ताजा वास नाहीच, मनुका साखरेत आटवाव्यात तसा शिजका वास. मी रागानं वहीत तीन गुण लिहिले आणि वाइन करणाऱ्यांना दोष दिला. मग आठवलं, दुकानात ती बाटली पश्चिमेच्या काचेला लागून उभी होती, दुपारचं ऊन थेट अंगावर घेत. वाइन चांगलीच होती, आम्ही विकत घेण्याआधीच ती शिजली होती. तेव्हापासून उन्हाळ्यात बाटली घेताना मी आधी तिची मान बघते, कुठे ठेवली होती ते बघते, आणि महिन्याभरात संपेल तेवढंच घेते. घरी फ्रिजच्या तळच्या कप्प्यात आडवी.

त्यावरून आम्ही एक प्रयोग केला, तो तुम्ही घरी नक्की करून बघा. खर्च एका बाटलीचा. एप्रिलमधला शनिवार, संध्याकाळी सात वाजता बैठकीच्या खोलीत ३३ अंश. दुसऱ्या एका दुकानातून चांगली ठेवलेली शिराझ आणली आणि ती तीन तांब्यांत ओतली. एक तांब्या बर्फाच्या पाण्याच्या पातेल्यात, दुसरा माठातल्या पाण्यात थोडा बर्फ टाकून, तिसरा तसाच ओट्यावर. दह्याचं विरजण लावताना वापरते तो थर्मामीटर घातला: ११, १७ आणि ३१ अंश. वहिनीनं स्वयंपाकघरात ग्लास भरून नुसते क्रमांक लावून बाहेर आणले. बाहेरच्या पाचही जणांना वाटलं की तीन निरनिराळ्या वाइन आहेत. ११ अंशाच्या ग्लासाला सगळे म्हणाले तुरट, कोरडी, हिरव्या सुपारीसारखी. ३१ च्या ग्लासाला बँकवाल्यानं लिहिलं, "स्वस्तातली, दारूचा भपका येतो." १७ अंशाच्या ग्लासात जांभूळ, काळी मिरी आणि मागे हलका धूर, पाचापैकी चौघांनी आठ किंवा त्याहून जास्त गुण दिले. एकच बाटली!

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशांतून आला, तिथली खोली आपल्या एप्रिलसारखी नसते. पुण्यात उन्हाळ्यात लाल बाटली उघडायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवून १७ अंशांच्या आसपास आणा. पांढरीचं उलट: फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या, नाहीतर नुसता गारवा लागतो आणि वास दबून बसतो. माझ्या पहिल्या दोन वह्यांतले लाल वाइनचे सगळे उन्हाळी गुण मी पेन्सिलीनं कंस करून बाजूला ठेवलेत.

फेब्रुवारीत पाटसच्या पुढे रोटी गावाकडे वाइनच्या द्राक्षांचे मळे बघायला गेलो होतो. इतकी वर्षं तासगाव-नाशिकची खायची द्राक्षं बघितलेली, त्यामुळे मणी हातात घेतल्यावर आश्चर्यच वाटलं. वाटाण्यापेक्षा थोडा मोठा मणी, जाड साल, आत दोन-तीन बिया. आणि खायच्या द्राक्षापेक्षा कितीतरी गोड. ती साखरच पुढे आंबून दारू होते, म्हणून कमी गोड चालत नाही. बी चावून बघायची: हिरवी आणि कडवट लागली तर अजून वेळ आहे, तपकिरी होऊन कुरकुरली तर मणी तयार. आपल्याकडे एप्रिलमध्ये वेल मागे कापून खरड छाटणी करतात, पावसाळा सरता सरता घड धरण्यासाठी फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडा. युरोपात हीच तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये चालते. आपल्या पावसात घड टिकणार नाहीत म्हणून वेलीचं सगळं वर्षच फिरवून घेतलंय. पुणे जिल्ह्याला हे नवं नाही. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच पद्धतीची फसफसती वाइन केली, आणि पुण्याजवळ मांजरी गावात १९९७ पासून द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. लोकांना तरी अजून वाटतं की वाइन म्हणजे बाहेरून आलेलं काहीतरी, आपल्या ताटाशी तिचा संबंध नाही.

संबंध आहे, आणि तो कुठे जुळतो ते शोधणं हेच सध्या माझं मुख्य काम. मिसळीबरोबर लाल वाइन नको, हे आता ठामपणे लिहिते. तीनदा करून बघितलं. तुरटपणा आणि दारू दोन्ही मिळून तिखटाची जळजळ वाढवतात आणि मटकीची चव पार पुसून टाकतात. मिसळीला ताकच.

अळूच्या भाजीबरोबर मात्र शेनिन ब्लां, थोडी गोडसर पांढरी वाइन. ही जोडी या सहा महिन्यांतली सर्वात मोठी कमाई. जूनच्या शेवटी, बाहेर रिपरिप, सासूबाईंनी केलेलं फदफदं: चिंच, गूळ, भिजवलेले शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, मुळ्याच्या चकत्या, वरून लसणीची नव्हे, मेथीची फोडणी. चिंच-गुळाच्या भाजीपुढे कोरडी वाइन बिचारी पाण्यासारखी वाटते, ते आधी अनुभवलं होतं. शेनिन मुळात फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातलं द्राक्ष, आंबटपणा भरपूर, आणि आपल्याकडे ती बरेचदा किंचित साखर राखून करतात. आंबटाला आंबट, गोडाला गोड. घोट घेतल्यावर अळूचा जड, मातकट वास हलका झाला आणि शेंगदाणा एकदम पुढे आला. ग्लास १० अंश, भाजी वाफाळती, वेळ दुपारी दीड. सासूबाई वाइन पीत नाहीत. त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" मी त्यांना पुन्हा वाढायला सांगितलं.

दुसरी जोडी हुरड्याची. संक्रांतीनंतर दौंडकडे एका नातेवाइकांच्या शेतावर गूळभेंडी ज्वारीचा हुरडा होता. आगटीतून काढलेलं कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची, लसणाची चटणी आणि गूळ. सोबत सोविन्यों ब्लां ही पांढरी वाइन नेली होती. तिच्यात कापलेल्या गवताचा, हिरव्या मिरचीचा असा जो वास असतो, तो आणि कोवळ्या ज्वारीचा हिरवा वास एकाच घरातले वाटतात. चटणी मात्र बेतानं. सुक्या मटणाबरोबर १७ अंशाची शिराझ चांगलीच आहे, त्यात फार सांगण्यासारखं नाही. अकलूजची सांजोव्हेझे ही लाल वाइन अजून वांग्याच्या भरताबरोबर करून बघायची आहे.

हॉटेलांच्या बाबतीत तापमानापेक्षा वेळेचा रकाना उपयोगी पडला. नारायण पेठेत बेडेकरांकडे मिसळीला मी सकाळी नऊच्या आत जाते. त्यांच्या रश्श्याला जो अंगचा गोडवा आहे तो मला जगात कुठे सापडला नाही, आणि पावाच्या जागी स्लाइस असल्यामुळे रस्सा नीट मुरतो. केसरीवाड्याजवळ प्रभा विश्रांतिगृहाच्या वड्याच्या माझ्या चार नोंदी आहेत, त्यातल्या दोन घाणा कढईतून निघतानाच्या. वरचं कवच बोटांना पोळतं आणि आतल्या आल्या-मिरचीचा वास वाफेबरोबर नाकात जातो. बाकीच्या दोन नोंदी पुडा बांधून घरी नेल्यावरच्या, त्या मी आता मतांत धरत नाही. वाफेनं पुड्यात मऊ पडलेला वडा बघून हॉटेलला गुण देणं अन्यायाचं आहे. थाळीला पहिल्या पंगतीत बसा. श्रेयसला साडेअकराच्या सुमाराची कोशिंबीर आणि दुपारी अडीचची कोशिंबीर मी दोन्ही खाल्ल्यात, पहिलीतली काकडी कुरकुरीत असते. कॅम्पात दोराबजींकडे १८७८ पासून चूल पेटतेय. तिथली बिर्याणी मी रविवारी दुपारी खाते आणि सोबत रास्पबेरी सोडा घेते.

एका ठिकाणचा पापलेट मात्र मनाला लागला. नाव लिहीत नाही. सोमवार होता, कालवणातला मासा सुटून विरघळला आणि अमोनियाचा हलका वास आला. मी वाढणाऱ्या दादांना हळूच सांगितलं. त्यांनी ताट उचललं, पैसे घेतले नाहीत, पण पुढच्या टेबलावर तेच कालवण वाढलं. मला ते आवडलं नाही, आणि तिथे मी परत गेले नाही.

आता पुढचं. श्रावणात आमच्या घरी बाटली उघडत नाही, त्यामुळे महिनाभर फक्त भाज्या आणि फळं. मावळातून रानभाज्या यायला लागल्यात. भारंगी आणि कुर्डू यांच्या नोंदी मला हव्या आहेत, विशेषतः भारंगीचा कडूपणा तुम्ही पाणी काढून घालवता की तसाच ठेवता, ते लिहा. दिवाळीच्या सुमाराला मुळशीचा नवा आंबेमोहर आणि इंद्रायणी शेजारी शेजारी शिजवायचा आहे. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, त्यामुळे वाटीनं मोजूनच घेणार.

आखाडातली शेवटची बाटली येत्या शनिवारी. शेनिनच आहे, अळू सासूबाईंच्याच हातचं, आणि यावेळी त्यांनी स्वतः थर्मामीटर मागितलाय. भाजी वाढताना किती अंश असते ते त्यांना बघायचं आहे.