दोन बेल मारण्याआधी

कशेळीचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, ओलांडून गाडी खाली गावखडीत उतरली की सुरूच्या बनातून खारा वारा आत येतो, आणि त्याच सुमाराला स्टॉपवर गणवेश दिसायला लागतात. कुणाच्या डोक्यावर छत्री, कुणाच्या हातात अर्धी भाकरी, एखादी मुलगी पाखाडीच्या पायऱ्यांवरून धावत येतेय आणि मागून तिची आजी हात वर करून ओरडतेय, "थांबवा ओ बाई!"

मी एसटीत वाहक आहे. 2009 साली भरती झाले. तेव्हापासूनची बरीच वर्षं रत्नागिरी, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे याच रस्त्यावर गेली. कधी सकाळची ड्युटी, कधी संध्याकाळची. पाचवीला गाडीत पहिल्यांदा चढलेली पोरं बारावी होऊन बाहेर पडताना मी पाहिली आहेत. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतील आणि पुन्हा नवे चेहरे येतील. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितेय. गाडीत गर्दी असते, मशीन हातात असतं, तेव्हा एवढं बोलणं होत नाही.

आधी पासचं बघू, कारण पहिल्या आठवड्यात सगळा गोंधळ त्यावरच होतो. विद्यार्थ्यांना पासात 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग आपण भरायचा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत प्रवास मोफत आहे. 2024 च्या जूनपासून पास शाळेतच मिळण्याची सोय झाली, त्यामुळे खिडकीवर रांग लावायला शाळा बुडवू नका, आधी शाळेत चौकशी करा. पास मिळाला की प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि दोरीने दप्तराच्या आतल्या कप्प्याला बांधून टाका. आमच्याकडच्या पावसात कागदाचा लगदा व्हायला एक दिवस पुरतो. मोफत असला तरी पास दाखवावा लागतोच. आणि एखाद्या दिवशी घरी राहिला, तर चढल्या चढल्या येऊन सांगा. मागच्या सीटवर डोकं खाली घालून बसलेलं मूल मला पुढून दिसतं. त्याच्या मनात सगळा रस्ताभर काय चाललेलं असतं तेही मला कळतं, आणि फार वाईट वाटतं. सांगितलंत तर काहीतरी मार्ग निघतो.

आता खरं सांगायचं ते. गाडीत मुलांना धोका असतो तो बहुतेक करून पायरीवर. चढायचे चार सेकंद आणि उतरायचे चार सेकंद. मधला तासभर त्या मानाने काहीच नाही.

हे मी एका दिवसात शिकले. सातवीतली मुलगी होती, बारीक चणीची, दप्तर एकाच खांद्यावर. दुसरा पट्टा मोकळा लोंबत होता. स्टॉप आला, ती उतरली, तिचे पाय जमिनीला लागलेले मी पाहिले आणि दोरी दोनदा ओढली. दोन बेल म्हणजे निघा. पट्टा दाराशी हाताने धरायच्या दांड्यात अडकला होता, तो मी पाहिला नव्हता. गाडी हलली. खिडकीशी पाटी घेऊन बसलेली एक मासेवाली जिवाच्या आकांताने ओरडली, मी एक बेल दिली, चालकाने तिथल्या तिथे ब्रेक दाबला. गाडी दोन हातच पुढे गेली असेल. पट्टा तुटला म्हणून ती सुटली. दोन्ही गुडघे जांभ्याच्या खडीवर सोलले होते आणि लाल मातीत रक्त वेगळं दिसतच नव्हतं. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, पट्टा तुटला, आई ओरडेल." मी तिच्या घरी गेले, तिच्या आईला सगळं सांगितलं, चूक माझी आहे असंही सांगितलं. त्या दिवसापासून मी आधी पाय बघते, मग दप्तर बघते, मग छत्री, आणि ते मूल दारापासून चार पावलं लांब गेल्याशिवाय दोरीला हात लावत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, दप्तराचे दोन्ही पट्टे खांद्यावर हवेत. उतरायच्या आधी दप्तर पुढे पोटाशी घ्या म्हणजे ते मागे कुठे अडकत नाही. मुलींनो, ओढणीची दोन्ही टोकं बांधून घ्या. छत्री पायरीवर उघडायची नाही, खाली उतरून बाजूला झालात की मगच. एक हात दांड्याला मोकळा हवा, त्या हातात डबा नको, मोबाइल तर नकोच. आपला स्टॉप जवळ आला की गाडी चालू असताना दाराशी येऊन उभं राहण्याची सवय सोडा. आपला स्टॉप चुकेल अशी भीती वाटते, मला माहीत आहे. चुकणार नाही. तुम्ही जागेवरून हात केलात तरी मी थांबवते.

उतरल्यावर रस्ता ओलांडायचा असेल तर गाडीच्या पुढून जाऊ नका. चालक उंचावर बसलेला असतो आणि पाचवी-सहावीतलं मूल बंपरला लागून चालत असेल तर ते त्याला दिसत नाही, कितीही काळजी घेणारा चालक असला तरी नाही. शिवाय थांबलेल्या एसटीला बाजू घालून दुचाकी आणि चिऱ्यांचे ट्रक जोरात पुढे काढतात. त्यांना गाडीआडून येणारं मूल अगदी शेवटच्या क्षणी दिसतं. आमचा रस्ता वळणावळणाचा, एक गाडी जेमतेम मावेल असा. तेव्हा गाडी जाऊ द्या. ती वळणाआड गेली, रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा दिसला, की मग ओलांडा. एक मिनिटही जात नाही त्यात.

खिडकीतून हात बाहेर नको, हे सगळेच सांगतात. का ते मी सांगते. आमच्याकडे चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, रस्त्याला अगदी खेटून असतात, आणि समोरून गाडी आली की चालकाला डावीकडे दाबावंच लागतं. मग गडगा आणि पत्रा यांच्यात वीतभर जागा राहते.

गाडी लागणारी मुलं प्रत्येक फेरीत दोन-तीन तरी असतात आणि ती फार लाजतात. लाजू नका. रिकाम्या पोटी चढू नका, पण भरपेट खाऊनही नको. पुढच्या सीटवर बसा, समोर रस्त्याकडे बघा, वही उघडून गृहपाठ करत बसू नका. जिभेखाली आमसूल धरा, आमच्या आईचा हा उपाय मी कितीतरी पोरांना दिलाय. आणि खिशात एक पिशवी ठेवा. उलटी होतेय असं वाटलं तर खिडकीबाहेर मान काढण्यापेक्षा पिशवी बरी, कारण तोच गडगा तिथेही आहे.

पावसाळ्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. आमचा निम्मा शाळेचा काळ पावसातच जातो. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग दप्तरात. सकाळी अंधारात वाडीवरून खाली येत असाल तर बॅटरी घ्या आणि पायवाटेच्या मधून चाला. गडग्याच्या फटीत, दगडाखाली हात घालू नका, फुरसं हा विषारी साप आमच्या कातळावर भरपूर. चावलंच तर कुणाकडेही विष उतरवायला न नेता सरळ सरकारी दवाखान्यात. ढग गडगडायला लागले तर सड्यावरच्या एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही. पिकअप शेड असेल तर तिथे थांबा, नाहीतर कुणाच्याही घराच्या पडवीत शिरा. आमच्या गावात पडवीत आलेल्या मुलाला कुणी नाही म्हणत नाही.

आणि पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं असेल, साकवाच्या छोट्या पुलावरून पाणी वाहत असेल, तर परत घरी जा. पाण्याचा रंग लाल झाला की खालचा तळ दिसत नाही, फळी आहे की वाहून गेली तेही कळत नाही. शाळेत एक दिवस गैरहजेरी लागेल, लागू दे. गाडीलाही हेच लागू आहे. मोरीवरून पाणी जात असलं की आमचा चालक गाडी उभी करतो. मागून पोरं ओरडतात, "काढा ना काका, एवढंसं तर पाणी आहे!" मुलांनो, त्यावेळी ओरडू नका. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसटी त्यात गेल्या. या दोन्ही गाड्या आमच्या जिल्ह्यातून निघालेल्या. त्यांतले चालक-वाहक आमच्याच खात्याचे, माणसं आमच्याच गावांची. पूल तुटलाय हे अंधारात त्यांना दिसायची काही सोयच नव्हती. त्यानंतर कुठलाही चालक पाणी बघून थांबला तर मी त्याच्या बाजूने उभी राहते, कितीही उशीर होवो.

गणपतीच्या आठवड्यात मुंबईचे चाकरमानी येतात, रस्ते भरतात, गाडी वेळेवर पोचेल असं कुणीच सांगू शकत नाही. पंधरा-वीस मिनिटं हातात धरून निघा. गाडी उशिरा आली म्हणून अनोळखी माणसाच्या दुचाकीवर बसू नका. वडापमध्ये, म्हणजे खासगी जीपमध्ये, बसायची वेळ आलीच तर आत बसा, मागे लोंबकळू नका.

17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याच्या आधीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. त्यामुळे सकाळच्या गाडीला आता बरीच म्हातारी माणसं असतात. कुणी पावसला स्वामींच्या दर्शनाला, जास्त करून रत्नागिरीला दवाखान्यात. त्यांना उठून जागा द्या. तुमचे पाय तरुण आहेत.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी लिहिते, आणि मुलग्यांनीही वाचावी, कारण त्यांच्या बाबतीतही हे घडतं. गर्दीत कुणी नको तिथे हात लावला, मुद्दाम रेलला, तर तुम्ही गप्प बसू नका. मोठ्याने म्हणा, "हात काढा." शब्द सुचला नाही तर नुसतं "बाई!" म्हणून हाक मारा आणि माझ्याकडे या, माझ्या सीटवर बसा. मी कारण विचारत नाही. एकदा नववीतली मुलगी अशी येऊन बसली, तिचे हात थरथरत होते. तिने नुसतं बोट केलं. त्या माणसाला आम्ही उतरू दिलं नाही, गाडी पोलीस ठाण्याच्या दारात नेऊन उभी केली. सगळ्या गाडीला उशीर झाला, एकही प्रवासी कुरकुरला नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 2012 चा पोक्सो कायदा आहे, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आणि 112 पोलिसांचा, दोन्ही पाठ करून ठेवा. पण त्याही आधी हाक मारा.

सगळ्यात शेवटी जे सांगतेय ते कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. आम्ही तुम्हाला मोजतो. सकाळी गावखडीला सहा चढले, पूर्णगडला नऊ चढले, हे माझ्या डोक्यात राहतं, आणि संध्याकाळी त्याच गाडीवर असले तर मी तेवढेच चेहरे शोधते. एका ऑगस्टमध्ये, गणपतीला आठवडा राहिला असेल, एक आठवीतला मुलगा परतीच्या गाडीला नव्हता. आम्ही पाच मिनिटं थांबलो, मुलांना विचारलं, कुणालाच ठाऊक नाही. निघावं लागलं. त्याच्या स्टॉपवर त्याची आई एका हातात छत्री, एका हातात बॅटरी घेऊन उभी. गाडी थांबली, बाकीची मुलं उतरली, ती बॅटरी प्रत्येकाच्या तोंडावर मारून बघत होती. मग तिने ती माझ्याकडे वळवली. "बाई, आमचा पोरगा कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रकाश अजून माझ्या डोळ्यांवर आहे.

तो पावसला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात त्या कारखान्यात, बसला होता, मूर्तीचे डोळे रंगवताना बघत. वेळेचं भान राहिलं नाही. नंतर कुणाच्या तरी गाडीवरून सुखरूप घरी आला. त्याच्या आईचा दीड तास काय गेला असेल ते मी आई म्हणून सांगू शकते. दुसऱ्या दिवशी मी त्याला रागावले नाही. एवढंच म्हटलं, "परतीला यायचं नसेल तर मला सांगत जा. मी नसले तर जो कोण वाहक असेल त्याला. नाहीतर मित्राजवळ निरोप ठेव."

आता तो अकरावीत आहे. संध्याकाळी क्लास असला की तो तिठ्यावर उभा राहतो, गाडी दिसली की हात हलवून नाही अशी खूण करतो. चालक तरीही गाडी हळू करतो, मी दारातून त्याच्याकडे बघते, आणि मग दोन बेल मारते.